उलटा फर्मा

अंगठा खळग्यात गेला आणि मिस्त्रीचा हात तिथल्या तिथे थांबला.

खळगा म्हणजे तरी काय. चालकाच्या शेजारच्या दाराचं जुनं पॅनल, त्यावरचं काळपट लाल रेक्झिन, आणि त्या रेक्झिनवर काच वर-खाली करायच्या हॅण्डलच्या चार बोटं अलीकडे एक गोल, उथळ जागा, देवीचा व्रण बुजत आलेला असावा तशी. बघून कळली नसती. आठ महिने ही गाडी बाळगणाऱ्या दातांच्या डॉक्टरला ती कळली नव्हती, आणि डॉक्टर तर दुसऱ्याच्या तोंडातलं तिळाएवढं भोक शोधण्यावर पोट भरणारा माणूस. पण रेक्झिन डोळ्यांनी बघायचं नसतं. अंगठा त्या वर्तुळावरून पुन्हा एकदा फिरला, पडलेल्या दाताची जागा जिभेने चाचपावी तसा. गाडीचा रंग बदललेला होता. तेव्हा ती दुधी होती, आता बाटलीसारखी हिरवी. पुढचं जाळं बदललेलं, आरसे बदललेले, मालक तर तीनदा बदललेले. म्हणूनच सकाळी ती दुकानासमोर येऊन उभी राहिली तेव्हा त्याने तिला ओळखलं नाही. त्या बनावटीच्या गाड्या एके काळी पोत्याने होत्या. पण हा व्रण एकाच गाडीच्या एकाच दारावर होता, आणि तेहेतीस वर्षांत ती गाडी या शहरात कुठे तरी फिरत होती, कुठे तरी उभी राहत होती, कोणी तरी तिच्यात बसून या दारावर कोपर टेकवत होतं, याचा त्याला एकदाही विचार शिवला नव्हता. गेलं ते गेलं, असं समजून तो चालला होता. वस्तू जात नाहीत.

डॉक्टर बोलत होता. रोगी तोंड उघडून पडलेले असतात, उत्तर द्यायला मोकळे नसतात, त्यामुळे डॉक्टरला उत्तराची वाट न बघता बोलायची सवय. नवी पॅनलं त्याने परदेशातून पार्सलने मागवली होती. साच्यातून काढलेली, फॅक्टरीत जशी होती तशीच रेघन् रेघ, तोच राखी रंग. हे जे सध्या लावलंय ते कोण्या गल्लीतल्या माणसाने केलेलं काम दिसतंय, असं तो म्हणाला, आणि ते काढून खुशाल फेकून द्या, मला त्याची चिंधीसुद्धा नको. गल्लीतल्या माणसाने मान डोलावली. नव्या पॅनलांना भोकं नव्हती. खोक्यात एक कागद होता, त्यावर लिहिलेलं की हॅण्डलची भोकं ग्राहकाने आपल्या गाडीच्या मापाने पाडून घ्यावीत. तेवढंच तुमचं काम, मिस्त्री, असं म्हणून चार वाजता येतो सांगत डॉक्टर दवाखान्यात गेला. चार वाजता. तेव्हाही चारच.

पॅनल कसं काढतात ते शिकवावं लागत नाही, आधी बापाने हातावर फटके मारलेले असले की पुरे. आधी हॅण्डल. हॅण्डलच्या बुडाशी घोड्याच्या नालासारखी एक बारीक क्लिप असते, ती फडक्याच्या काठाने ओढून काढायची, सांभाळून, नाही तर उडते आणि संध्याकाळपर्यंत सापडत नाही. मग हात टेकायच्या दांड्याचे दोन स्क्रू. मग खालच्या कोपऱ्यातून पातळ पट्टी आत सरकवायची आणि एकेक क्लिप सोडवायची, टक्, टक्, शर्टाची बटणं काढावीत तशी. घाई केली तर हार्डबोर्ड फाटतो. त्याने घाई केली नाही. क्लिपा सोडवायला त्याने नेहमीच्या तिप्पट वेळ लावला. आणि पॅनल सुटून हातात आल्यावर ते उलटं करून न बघता भिंतीला टेकवून ठेवलं, तोंड बाहेर, पाठ भिंतीकडे. हात धुतले. परत आला. बसला. बायकोने घरून फोन केला की जेवायला येताय ना, तो म्हणाला काम आहे. खरंच काम होतं. त्याच्या हातून झालं असतं तर.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, नाही तर पुढचं नुसतं एका म्हाताऱ्याचं भिंतीकडे बघत बसणं होईल. त्याला एक धाकटा भाऊ. डावखुरा. घरात, गल्लीत, बापाच्या तोंडी, सगळीकडे डावऱ्या. दोघेही बापाच्या दुकानात, याच दुकानात, याच टेबलावर काम करत. डावऱ्या डाव्या टोकाला, थोरला उजव्या टोकाला. एकाचा हात डावीकडे चालायचा, दुसऱ्याचा उजवीकडे, त्यामुळे तीन वर्षांत त्यांची कोपरं एकमेकांना लागली नाहीत. बाप म्हणायचा, बैलजोडी असावी तर अशी. म्हणायचा कधी तरी, चांगल्या दिवशी. हाताने डावऱ्या सरस होता. हे थोरल्याला ठाऊक होतं, बापाला ठाऊक होतं, दुकानात येणाऱ्या मांजरालाही ठाऊक असावं. डावऱ्याने ताणलेल्या रेक्झिनवर नाणं टाकलं तर उडायचं. थोरल्याच्या रेक्झिनवर ते पडून राहायचं. बाप मात्र दोघांना सारखेच फटके मारायचा, आणि थोरल्याने त्यालाच न्याय समजून समाधान मानलं होतं.

ती दुपार अशी होती. एका कारखानदाराची दुधी गाडी, चारी दारांची पॅनलं नवी करायची, चारला तो स्वतः न्यायला येणार. काम पसंत पडलं तर कारखान्याच्या सगळ्या बसगाड्यांच्या सीटा या दुकानाकडे. भोकांचा फर्मा म्हणजे पत्र्याची हातभर पट्टी, एका अंगाला लाल रंगाची खूण. पट्टी कडेला टेकवायची, एका बाजूच्या दाराला खूण वर, दुसऱ्या बाजूच्या दाराला खूण खाली, आणि भोकाभोवती पेन्सिल फिरवून सुरीने कापायचं. खूण चुकली की भोक चार बोटं सरकतं, आरशातल्यासारखं उलट्या जागी पडतं. दोघा भावांनी मिळून चार पॅनलं कापली. कोणी कुठलं, हे कोण लक्षात ठेवतो? वर रेक्झिन चढलं. चारला कारखानदार आला. तीन दारं बसली. चौथ्या दाराला पॅनल लावलं तर हॅण्डलचा दांडा आतून कोऱ्या बोर्डावर टेकला, बाहेर येईना. बापाने विचारलं, हे कोणी कापलं? आणि सगळे डावऱ्याकडे बघू लागले. थोरला काही बोलला नाही. नुसता काही न बोललेला माणूस खोटारडा कसा ठरेल?

नाही. अशी नव्हती ती दुपार. तो बोलला होता. हसून बोलला होता. म्हणाला होता, "डाव्या-उजव्याचा घोळ या घरात आणखी कोण घालणार?" आणि कारखानदारसुद्धा हसला, आणि त्या हसण्यामुळे असं वाटलं की चला, निभावलं, विनोदावर गेलं. पण कारखानदार हसता हसताच म्हणाला की ज्या दुकानात डावं-उजवं कळत नाही तिथे मी पन्नास गाड्यांच्या सीटा देऊ? आणि बाप हसला नाही. डावऱ्याने आपला डावा तळहात उघडून त्याच्याकडे बघितलं, जणू त्यालाच विचारत होता. मग त्याने फडक्याला हात पुसले आणि तो बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याची पत्र्याची पेटी घरात नव्हती. बापाने काढलं, असं सगळे म्हणाले. बापाने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्या संध्याकाळी बापाने स्वतः पॅनल उचकटलं, योग्य जागी दुसरं भोक पाडलं, चुकलेल्या भोकात कापलेली चकती परत बसवली आणि मागून काळ्या कापडाचं ठिगळ सरसाने चिकटवलं. थोरला त्या वेळी दुकानात नव्हता. चहा आणायला गेला होता. चहा आणायला कोणी त्याला सांगितलं नव्हतं. चकती बोर्डापेक्षा केसभर खाली बसली असणार, वर्षांनी रेक्झिन तेवढं खाली बसलं, आणि खळगा झाला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. त्याच्या मनात चांदणं नव्हतं, धुकं होतं, आणि ते त्याने सांभाळून ठेवलं होतं. कोणी कापलं, हे नक्की कुठे ठाऊक होतं? दोघांनीही कापली होती. डावऱ्यानेच कापलं असेल. नसेलही. पण असेल. या 'असेल'वर त्याने लग्न केलं, दोन मुलं वाढवली, बापाला खांदा दिला, पाटीवर आपलं नाव रंगवलं. पाठ टेकायला एवढी उशी पुरते माणसाला. आणि आता ते पॅनल भिंतीला टेकून उभं होतं, आणि त्याच्या पाठीवर ते नक्की लिहिलेलं होतं, शाईशिवाय, कोणत्याही गादीवाल्याला वाचता येईल असं. कारण सुरीने गोल कापताना शेवटी, जिथे सुरुवात तिथेच गाठ पडते, तिथे पातं थोडं पुढे घसरतं आणि एक बारीक ओरखडा उठतो. त्याला शेपूट म्हणतात. उजव्या हाताचं शेपूट घड्याळाच्या काट्यांबरोबर जातं. डाव्या हाताचं उलटं. बापाचा, आजाचा, कोणाचाही हात यात खोटं बोलू शकत नाही.

त्याने उठून पॅनल फिरवलं. ठिगळाचा सरस वाळून चुरा झाला होता, कापड पापुद्र्यासारखं निघून आलं. चकती जागेवर होती. आणि तिच्या कडेपासून बोर्डावर गेलेलं शेपूट घड्याळाच्या काट्यांबरोबर गेलेलं होतं, थोडं लांब, थोडं गबाळं, जसं अजूनही त्याचं जातं.

अशीही नव्हती ती दुपार. आता शेवटची. पॅनल कापून झाल्यावर त्याने पट्टी उचलली तेव्हा लाल खूण खालच्या अंगाला होती, वर हवी असताना. त्याने ते बघितलं होतं. जेवणाची वेळ व्हायची होती, हार्डबोर्ड शिल्लक होता, नवं पॅनल कापायला अर्धा तास लागला असता. पण नवा बोर्ड काढायचा म्हणजे बापाला सांगायचं, आणि बापाला सांगायचं म्हणजे शेजारी डावऱ्या उभा असताना सांगायचं. त्याने चिकटवायचं सोल्युशन फासलं आणि वर रेक्झिन चढवलं. इतकं चांगलं ताणलं की त्यावर नाणं उडालं असतं. आयुष्यात एकदाच.

हे आठवलं, आणि तरी ती मुख्य गोष्ट नव्हती. माणूस आपल्या पापाला फार लवकर सरावतो, नव्या चपलेला सरावावा तसा. त्याने पॅनल पुन्हा हातात घेतलं ते वेगळ्याच कारणाने. हे ठिगळ बापाने लावलं होतं. या बोर्डावर बाप ओणवा झाला होता, ही चकती त्याने दोन बोटांत धरली होती, ती जुळवताना तिची कड, तिची गाठ, तिचं शेपूट त्याच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होतं. बाप दिव्याशिवाय हाताने धागे मोजायचा. म्हणजे बापाला त्याच संध्याकाळी कळलं होतं. चहा घेऊन थोरला आत आला तेव्हा बापाला ठाऊक होतं. बापाने चहा घेतला होता, दोन घोट पिऊन साखर कमी आहे म्हणाला होता. त्यानंतर एकोणीस वर्षं बाप जगला, रोज समोर बसला, आणि शेवटच्या आजारात दुकान त्याच्या नावावर केलं तेव्हा खाटेवरून म्हणाला होता, तुला नाही देणार तर कोणाला, तू दुसरीकडे कुठे जाणार? थोरल्याला त्या वेळी रडू आलं होतं. बापाने जन्मात एकदा माया केली, असं तो बायकोला सांगत आला. बायको मुलांना सांगत आली. आता ते वाक्य त्याच्यासमोर उभं होतं, पॅनलासारखं, पाठमोरं. खोटं बोलणाऱ्याला ठेवलं आणि खऱ्याला घालवलं, का? दुकान चालवायला हातापेक्षा जीभ लागते म्हणून? आपला स्वभाव ओळखला म्हणून? की ही शिक्षा होती, एकोणीस वर्षांची, साखर कमी असलेल्या चहाची?

फोन त्याने का केला ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. भाऊ भेटायचे ते लग्नाकार्यात, पंगतीत दोन माणसं सोडून बसायचे, गुडघे कसे आहेत विचारायचे. डावऱ्या एका शाळेत शिपाई होता. तीस वर्षं घंटा वाजवत होता. कोणी विचारलं तर म्हणायचा, घंटा बरी, डाव्या हाताने वाजवली तरी वाजते. फोनवर थोरल्याने एवढंच सांगितलं की भोकं पाडायची आहेत, माझा हात आताशा थरथरतो. पलीकडे शाळेतल्या मुलांचा गलका ऐकू येत होता. मग डावऱ्या म्हणाला की अडीचला सुटतो, येतो.

तो आला तेव्हा त्याच्या अंगात शाळेचा खाकी सदरा होता आणि खिशाला किल्ल्यांचा जुडगा. तेहेतीस वर्षांत तो या उंबऱ्याच्या आत आला नव्हता. बापाला नेलं त्या दिवशीही फुटपाथवर उभा होता. आत आल्यावर त्याने इकडे तिकडे बघितलं नाही, सरळ टेबलाच्या डाव्या टोकाला जाऊन उभा राहिला. जुनं पॅनल थोरल्याने मुद्दाम टेबलावरच ठेवलं होतं, पाठ वर, ठिगळ काढलेलं. तोंडाने सांगायची हिंमत नव्हती, म्हणून बोर्डाला बोलू दे, असा तो हिशेब. डावऱ्याने ते बघितलं. वाकला नाही, चष्मा लावला नाही. अंगठ्याने चकती खालून ढकलली, ती सुटली, ती त्याने टेबलावर ठेवली आणि समोर आलेला चहाचा पेला तिच्यावर ठेवला, टेबलाला डाग पडू नये म्हणून.

"ती गाडी आहे होय," तो म्हणाला. "मला वाटलं भंगारात गेली असेल."

थोरला बोलू लागला. काय बोलला ते त्याच्याच कानापर्यंत नीट पोचलं नाही. खूण खाली होती, बोर्ड शिल्लक होता, मी हसून बोललो, मला वाटलं होतं तू नाही म्हणशील, तू काही म्हणालाच नाहीस, असं सगळं एकात एक गुंतलेलं, शेवटच्या वाक्यात तर चक्क तक्रारीचा सूर आलेला. डावऱ्या चहा पीत होता. पेला खाली ठेवून तो म्हणाला, "दादा, मला ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. बाबा रात्रीचं जेवण झाल्यावर माझ्याकडे आले. सरसाचा वास होता त्यांच्या हाताला. म्हणाले, ठिगळ लावताना शेपूट बघितलं, तुझं नाही."

रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली. डावऱ्याने ती जाऊ दिली. मग सांगत गेला, शाळेतल्या सूचनेसारखं, चढ नाही की उतार नाही. बाप म्हणाला होता की मोठं गिऱ्हाईक गेलं, आता या दुकानात दोघांची पोटं भरणार नाहीत. एकाने जायला हवं. तुझा हात असा आहे की कोणीही तुला दारात उभं करेल. त्याला कोणी उभं करणार नाही. तो इथून बाहेर पडला तर उपाशी मरेल. तेव्हा तू जा. डावऱ्याने विचारलं होतं, दादाला सांगणार का? बाप म्हणाला होता, नाही. कळलं तर तो पुन्हा सुरी धरायचा नाही.

बापाने थोरल्याला निवडलं नव्हतं. शिक्षाही केली नव्हती. घरातल्या लंगड्या पोराच्या ताटात जास्त वाढावं तसं दुकान वाढलं होतं त्याच्या ताटात, आणि दुसऱ्याच्या ताटातून काढून वाढलं होतं. तू दुसरीकडे कुठे जाणार? म्हणजे एवढंच. शब्दाला शब्द, जसं म्हटलं तसं. त्यात माया होती की नव्हती हे आता कोणाला विचारायचं? त्याला वाटलं की आपण चोर असतो तर बरं झालं असतं. चोराला निदान वाटतं की त्याने काही तरी उचललं.

"मग तू गेलास कुठे?" हा प्रश्न विचारायला त्याला तेहेतीस वर्षं लागली होती.

डावऱ्या हसला. बाबांना हात कळायचे, जग नाही कळायचं, असं तो म्हणाला. अकरा दुकानं फिरला तो. सगळीकडे कात्र्या उजव्या हाताच्या, टेबलं उजव्या बाजूने मांडलेली, शेजारच्या माणसाला याचं कोपर लागायचं. आणि जिथे जागा होती तिथे त्याच्या आधी कारखानदाराचा किस्सा पोचलेला. डाव्या-उजव्याचा घोळ. लोकांना फार आवडला होता तो विनोद. सहाव्या दुकानात तर मालकाने त्यालाच सांगितला, हा तोच, हे न कळता. "तुझा विनोद चांगला होता, दादा," डावऱ्या म्हणाला. "मीसुद्धा हसलो तिथे."

थोरल्याने विचारलं की एवढी वर्षं का नाही बोललास. डावऱ्याने थोडा विचार केला, खरंच केला, जणू हा प्रश्न त्यालाही नवा होता. म्हणाला की आधी बाबांनी सांगितलं होतं म्हणून. मग राग होता म्हणून. मग राग गेला आणि नुसती सवय राहिली, घंटेसारखी. मग त्याने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, आणि सदऱ्याची डावी बाही कोपराच्या वर दुमडली.

"दे इकडे. तुझ्याने व्हायचं नाही ते."

नवी पॅनलं टेबलावर पालथी मांडली गेली. पत्र्याची पट्टी अजून खिळ्याला होती. लाल खूण उडून गेली होती, पण डावऱ्याने पट्टी मागितलीच नाही. त्याने दाराच्या उघड्या पत्र्यावर हात फिरवला, दांड्यापासून कडेपर्यंत वीत आणि दोन बोटं टाकली, तीच वीत पॅनलावर टाकली आणि खडूने एक ठिपका केला. सुरी घेतली. तिचं पातं नखावर घासून बघितलं, तोंड वाकडं केलं, दगडावर चारदा फिरवलं. मग कापलं. थोरला उजव्या टोकाला उभा राहून बघत होता. साच्याचं प्लास्टिक, मागे पातळ बोर्ड, असल्या मालाला या हाताने कधी स्पर्शही केलेला नव्हता, आणि पातं असं फिरलं की जणू भोक आधीपासून तिथे होतं, फक्त कोणी तरी ते मोकळं करायचं राहिलं होतं. चार दारं, आठ भोकं. एकदाही सुरी उचलून परत ठेवली नाही. डावऱ्याच्या कपाळावर घाम आला होता आणि खालचा ओठ दातात धरलेला होता, तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी धरायचा तसा, आणि थोरल्याला जे वाटलं ते त्याने स्वतःला सांगायलाही नको होतं. पश्चात्ताप नव्हता तो. तीच जुनी जळजळ होती, टेबलाच्या या टोकाला उभं राहून रोज वाटायची ती, जराही शिळी न झालेली. सुंभ जळतो, पीळ जळत नाही, ते असं.

पॅनलं दोघांनी मिळून बसवली. क्लिपा भोकाला जुळवून तळहाताने दाबायच्या, टक्, टक्, एक वरून, एक खालून. कोपरं लागली नाहीत. चालकाच्या शेजारचं दार त्यांनी शेवटी घेतलं. लावण्याआधी थोरल्याने नव्या पॅनलाची पाठ एकदा बघितली. शेपूट काट्यांच्या उलट दिशेने गेलेलं, पापणीच्या केसाएवढं. मग ते दाराच्या आत गेलं. डावऱ्या हात धुवायला मागच्या नळावर गेला, आणि तेवढ्यात डॉक्टर आला, चारला पाच मिनिटं कमी असताना.

डॉक्टरने चारी दारं उघडली, मिटली. हॅण्डल फिरवून काच खाली घेतली, वर घेतली, पुन्हा खाली सोडली. मग चालकाच्या शेजारच्या दारापाशी उकिडवा बसला आणि हॅण्डलच्या बुडाशी, जिथे गोल वॉशरच्या कडेने भोकाची धार जेमतेम दिसते, तिथे त्याने खिशातली बारीक विजेरी लावली. दात बघायची. बराच वेळ बघितलं. असं काम हल्ली होत नाही, तो म्हणाला. आपल्याला कळतं, आपण दिवसभर भोकंच करतो. यंत्राने केलं असं वाटतं. मान वर करून त्याने विचारलं, "कोणाचा हात आहे हा, मिस्त्री?"

दुकानाच्या मागच्या दारात डावऱ्या रुमालाला हात पुसत उभा होता. थोरल्याला तो दिसत होता. वेळ होता, अर्धा तास नाही, पण एक वाक्य बोलण्याइतका होता, आणि या वेळी बाप नव्हता, कारखानदार नव्हता, पोटापाण्याचा प्रश्न नव्हता. कारणच नव्हतं. हे सगळं त्याला स्पष्ट दिसलं, आणि दिसत असतानाच त्याने आपला आवाज ऐकला, हसरा, गिऱ्हाइकाशी बोलताना असतो तसा.

"माझाच. आणखी कोण आहे इथे?"

डॉक्टरची नजर मागच्या दाराकडे गेली. खाकी सदऱ्यातल्या माणसाने रुमालाची घडी केली, खिशात ठेवली, किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"हो," डावऱ्या म्हणाला. "दादाचा हात पहिल्यापासून चांगला आहे."

मग तो टेबलाला वळसा घालून, डाव्या बाजूने, बाहेर गेला. जाताना त्याने जुनं पॅनल उचललं नाही, चकतीही नाही. तिच्यावर त्याचा पेला तसाच होता. डॉक्टर आत बसला. बाटलीसारखी हिरवी गाडी मागे आली, वळली, आणि डॉक्टरने हात लांबवून हॅण्डल फिरवलं तशी चालकाच्या शेजारच्या दाराची काच न अडखळता वर गेली.